विषय: चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशनचा क्लेम ‘वंध्यत्व’ म्हणून नाकारल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

माझ्या डाव्या अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दुर्बिणीने काढली. काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) स्पष्ट लिहिलं आहे. दर पाळीला मी वेदनेने जमिनीवर लोळत होते, म्हणून हे ऑपरेशन झालं. तुम्ही मात्र डिस्चार्ज कार्डावरच्या हिस्ट्रीच्या रकान्यातले ‘प्रायमरी इन्फर्टिलिटी’ (आजवर गर्भ न राहणं) हे दोन शब्द उचलले आणि वंध्यत्वाचा खर्च वगळणारं कलम, एक्सक्लूजन 17, लावून क्लेम फेटाळला.

त्या कलमात काय येतं? गर्भनिरोधन, नसबंदी, नसबंदी उलटवणं, कृत्रिम रेतन, आयव्हीएफ आणि इक्सी (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचे उपचार), सरोगसी. यात सिस्ट कुठे आहे?

हेच मी आज फोनवर विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, लग्नाला किती वर्षं झाली?” त्याचा इथे काय संबंध, म्हटलं. “म्हणजे मूल होत नाही म्हणूनच केलंत ना ऑपरेशन?” मी डायग्नोसिसची ओळ वाचून दाखवली. होल्डवर टाकलं. परत आल्यावर, “मिस्टरांना फोन द्या, त्यांना समजावून सांगतो.” पॉलिसी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, टाके माझ्या पोटावर, आणि समजावणार मिस्टरांना? हे कॉल तुम्ही रेकॉर्ड करता. अधिकाऱ्यांनी हा स्वतः ऐकावा.

आयव्हीएफचा एक रुपयाही मी मागितलेला नाही. 2021 च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने स्त्रीबीज देणाऱ्या बाईसाठी मूल हवं असलेल्या जोडप्याला 12 महिन्यांचा विमा काढावा लागतो. जिच्यावर उपचार होतात तिच्या खर्चाला तुमच्या पॉलिसीत जागा नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, पण ती अट मान्य करून पॉलिसी घेतली होती. सिस्ट त्या अटीत बसत नाही. पुन्हा सांगते, सिस्ट त्या अटीत बसत नाही.

विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही. माझ्या फाइलवरच्या त्या मान्यतेची प्रत पाठवा, क्लेम पुन्हा तपासा, आणि त्या फोनबद्दल लेखी माफी मागा.

महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसीही पोर्ट करीन, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेईन. आईबाबांची पॉलिसी तुमच्याकडेच काढा असं मीच सांगितलं होतं; तीही काढून घेईन.

पॉलिसीधारक
(सोबत: डिस्चार्ज कार्ड, हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, क्लेम नाकारल्याचं पत्र)