सही केली आहे, पण आधी हे वाच

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे इथल्या अमेरिकन हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा कोर्स) केमिस्ट्रीच्या मॅडमनी दिलेल्या नियमांच्या कागदावर मी सही केली आहे आणि तो तुझ्या फोल्डरमध्ये सरकवला आहे. माझी सेकंड शिफ्ट, तुझी सकाळची बस. बोलायला शनिवार उजाडावा लागतो, आणि शनिवारी तुला बोलायचं नसतं. म्हणून लिहितो. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू भरकन वाचून बाजूला ठेवलं असतंस. सांगली सोडल्यापासून मराठी वाचताना तुझा वेग जरा मंदावला आहे, ते आज माझ्या पथ्यावर पडेल.

कागदावरचे बरेचसे नियम साधे आहेत. फोन वर्गात शिरताना भिंतीवरच्या खिशात. होमवर्क उशिरा दिलं की रोजचे दहा टक्के कट, तीन दिवसांनंतर शून्य. टेस्ट बुडली तर आठवड्याच्या आत, शाळा सुटल्यावर. यावर चर्चा नको. टिश्यूचे डबे आणून दिले की एक्स्ट्रा क्रेडिट, हे मात्र मला काही झेपलं नाही. डबे देऊ आपण, वर्गाला लागतात तर जरूर देऊ, पण त्याचे मार्क घ्यायचे नाहीत. केमिस्ट्रीचे मार्क केमिस्ट्रीतूनच यावेत एवढा जुनाटपणा मला माफ कर.

आता मुद्द्याचं. हा कोर्स म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री. नऊ युनिट्स आहेत, अणूच्या रचनेपासून सुरू होऊन इलेक्ट्रोकेमिस्ट्रीपर्यंत. मे महिन्यात सव्वातीन तासांची परीक्षा: 90 मिनिटांत 60 बहुपर्यायी प्रश्न, मग 105 मिनिटांत सात लेखी. त्या सातांत तीन मोठे, दहा-दहा गुणांचे, आणि चार छोटे, चार-चार गुणांचे. दोन्ही भागांना निम्मं-निम्मं वजन. 2025 पासून बहुपर्यायी भाग संगणकावर आला, पण लेखी उत्तरं अजून हातानेच कागदावर लिहायची असतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस. कॅल्क्युलेटर चालतो, आवर्तसारणी आणि सूत्रांचा कागद तेच देतात. मग पाठ काय करायचं? नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट ही आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणुगटांची, मंडळी. ती त्या कागदावर नसतात. सुट्टीत तुला दिलेली यादी त्यासाठीच होती, आणि नायट्रेट-नायट्राइटमध्ये तुझा अजून गोंधळ होतो हे मला ठाऊक आहे.

तू सांगलीला असतीस तर बोर्डाच्या केमिस्ट्रीला 70 गुण लेखी आणि 30 प्रॅक्टिकल. तिथली मुलं तुझ्यापेक्षा ऑरगॅनिक कितीतरी जास्त करतात, त्यांना रिॲक्शन्सची नावं तोंडपाठ असतात. तेव्हा इथलं सगळं ॲडव्हान्स्ड आणि तिथलं मागासलेलं असं मंडळाच्या गणपतीत कोणी बोललं तर मान डोलावू नकोस. फरक वेगळा आहे. इथे उत्तरापुढे कारण मागतात, आणि तेही अर्धवट चालत नाही. इथेनॉल 78 अंशांना उकळतं आणि डायमिथाइल ईथर उणे 24 ला. दोघांचं रेणुसूत्र एकच. 'कारण हायड्रोजन बाँडिंग' एवढं लिहून पेन खाली ठेवलंस तर काम भागणार नाही. कोणत्या रेणूत ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटलेला आहे, दुसऱ्यात का नाही, म्हणून कोणत्या रेणूंमधली ओढ जास्त, आणि ती तोडायला जास्त ऊर्जा लागते म्हणून उत्कलनबिंदू वर, अशी साखळी पूर्ण हवी. दोन्ही पदार्थांची नावं उत्तरात आली पाहिजेत. रेणूंमधल्या या ओढीचं युनिट परीक्षेत सगळ्यांत जड आहे, 18 ते 22 टक्के, त्यामुळे ही सवय ऑक्टोबरमध्येच लाव.

पण ज्या नियमासाठी मी हे पत्र लिहायला बसलो तो तिसऱ्या पानावर तळाशी आहे आणि तू तो वाचला नसशील अशी मला खात्री आहे. लॅब नोटबुक पेनानेच लिहायचं. पानांना नंबर. पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. निरीक्षण सुट्या चिठ्ठीवर लिहून घरी नीट उतरवून काढायचं नाही, जिथे पाहिलं तिथेच लिहायचं.

हा नियम शाळेचा नाही गं, माझ्या पोटापाण्याचा आहे. मी रोज रात्री हेच करतो. कुरकुंभच्या एमआयडीसीत होतो तेव्हाही हेच आणि इथेही हेच. औषधाच्या गोळीची बॅच बाजारात जायची की थांबवायची हे ज्या आकड्यावर ठरतं, तो आकडा कोणी लिहिला, केव्हा लिहिला, आधी दुसरा काही लिहिला होता का, हे तपासणीला आलेल्या एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याच्या) माणसाला कागदावर दिसलं पाहिजे. गोळीत औषध कमी भरलं तर ती बॅच अडते आणि नुकसान होतं, पण ते समजतं तरी. आकडाच मनाने लिहिला तर मग त्या लॅबच्या कुठल्याच कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा?

आमच्याकडे बारावीच्या प्रॅक्टिकलला एक शब्द होता, सीबीआर. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली, खाली तोटी असलेली काचेची नळी. तिच्यातून थेंबथेंब द्रव सोडून किती लागला ते मोजायचं, हे टायट्रेशन. ते तीनदा करायचं आणि रीडिंग जुळलं पाहिजे. जर्नलमध्ये सगळ्यांचं 10.2, 10.2, 10.2 असं सुरेख जुळलेलं असायचं. ब्युरेट गळकी असो, पोरगा पहिल्यांदाच हातात धरत असो, रीडिंग जुळायचंच! सर्टिफाइड जर्नल वेळेवर मिळणं महत्त्वाचं, त्यामुळे सरही फार खोलात जात नसत. आणि जे पोर खरंखुरं 10.2, 10.5, 10.1 लिहायचं त्याला परत करायला लावायचे. म्हणजे खरं लिहिण्याची शिक्षा. त्या व्यवस्थेत हुशार मुलं काय शिकली असतील ते तूच समज.

तुझ्या मॅडमच्या कागदावर याच्या उलट आहे: प्रयोगाचे मार्क उत्तर बरोबर आलं याला नाहीत, आलेल्या उत्तराचा हिशोब देता येतो का याला आहेत. हे मी तुला एका प्रयोगावर दाखवतो, तुमच्या यादीत तो आहेच. मोरचूद. आजोबा द्राक्षावर फवारायला बोर्डो मिश्रण करायचे, त्यातले ते निळे खडे. प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू धरून बसलेले असतात. क्रुसिबलमध्ये, म्हणजे तापवायच्या छोट्या वाटीत, तापवलं की पाणी जातं, निळा रंग जातो, पांढरट भुकटी उरते. आधीचं वजन, नंतरचं वजन, आणि त्यावरून पाच हा आकडा काढायचा.

समज, तू 2.50 ग्रॅम घेतलंस आणि तापवून 1.60 ग्रॅम उरलं. म्हणजे 0.90 ग्रॅम पाणी गेलं. मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या मापात, गणित केलंस की उत्तर 4.98 येतं, म्हणजे पाचच. आता तू घाई केलीस, मध्ये कुठेतरी निळसर झाक राहिली आणि तराजूने 1.65 दाखवलं. फरक फक्त 0.05 ग्रॅमचा, चिमटीत यायचा नाही एवढा. पण उत्तर येतं 4.6. इथे दोन वाटा आहेत. शेजारच्या टेबलावरचं 1.60 उचलायचं आणि सुटायचं, ही एक. दुसरी म्हणजे 4.6 च ठेवायचं आणि खाली लिहायचं: भुकटीत निळसर कण दिसत होते, पाणी पूर्ण गेलं नव्हतं; राहिलेलं पाणी कोरड्या भुकटीच्या वजनात धरलं गेलं, त्यामुळे गेलेलं पाणी कमी मोजलं आणि आकडा पाचपेक्षा खाली आला. पुन्हा तापवून, थंड करून, वजन स्थिर होईपर्यंत हे करायला हवं होतं.

मे महिन्यातल्या पेपरातही नेमकं असंच विचारतात. नमुना पुरता वाळला नाही तर काढलेलं उत्तर वाढेल की घटेल, कारण द्या. ज्या मुलीने वर्षभर शेजारचे आकडे उचलले तिला हा प्रश्न पाठांतरातून सुटणार नाही. जिचं 4.6 आलं होतं ती डोळे मिटून लिहील. या कोर्सला वेळेचा किमान चौथा हिस्सा लॅबमध्ये घालवायचा दंडक आहे, निदान 16 प्रयोग, त्यांतल्या सहांत तर पद्धतही विद्यार्थ्यांनीच ठरवायची. 16 वेळा खरं लिहायची संधी आहे म्हणायची. ब्युरेट वाचताना दुसरं दशांशस्थळ अंदाजाने लिही, 23.4 नको, 23.40 लिही. पुढे एखाद्या कॉलेजने क्रेडिट देण्याआधी, म्हणजे हा विषय झाला असं धरण्याआधी, लॅब नोटबुक मागितलं तर तेही हाताशी असलेलं बरं, टाकून देऊ नकोस.

चॅटजीपीटीबद्दल मॅडमनी लिहिलं आहे की समजून घ्यायला चालेल, लॅब रिपोर्ट लिहायला नाही. मला ते पटतं. तू नाही म्हणालीस तरी तू वापरणार. एखादं युनिट डोक्यात शिरत नसेल तर खुशाल विचार. पण त्याने तुझी निळी झाक पाहिलेली नाही. तो रिपोर्टात 'उष्णता वातावरणात गेली' आणि 'मानवी चूक' असं काहीतरी लिहून देईल. 'मानवी चूक' हा शब्द आमच्या लॅबमध्ये कोणी लिहिला तर सुपरवायझर कागद परत पाठवते. कोणती चूक, कोणत्या पायरीवर, त्याने आकडा कुठल्या दिशेला सरकला?

सुरक्षेच्या नियमांवर वेगळी सही मागितली आहे, ती तुझी तू कर आणि वाचून कर. गॉगल डोळ्यावर, कपाळावर नाही. केस बांधलेले, बोटं झाकणारे बूट. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. एक गोष्ट कागदावर नाही ती मी सांगतो. रंगीत ज्वाळांचा एक प्रयोग पूर्वी मिथेनॉल (झटकन पेटणारं एक अल्कोहोल) ओतून करून दाखवायचे, स्ट्रॉन्शियमची लाल, तांब्याची हिरवी. 2014 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधल्या एका हायस्कूलमध्ये त्यात भडका उडून एक मुलगा गंभीर भाजला. त्याच्या थोडंच आधी अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने याच प्रयोगाबद्दल इशारा दिला होता. मिथेनॉलची वाफ दिसत नाही आणि ज्वाळा बाटलीपर्यंत मागे येते. त्या-त्या धातूच्या क्षाराच्या पाण्यात भिजवलेल्या लाकडी काड्यांनी तेच रंग दिसतात. वर्गात कोणी हौसेने मिथेनॉलची बाटली काढली तर तू मागे हो आणि इतरांना मागे घे. उद्धटपणा वाटेल, वाटू दे.

मार्कांचं बोलायचं तर पहिल्या टेस्टला तुला सी ग्रेड येऊ शकतो. आजवर तुला तो आलेला नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. टेस्ट दुरुस्त करून दिली की गेलेल्यांपैकी निम्मे मार्क परत मिळतात हा त्या कागदावरचा सगळ्यांत शहाणा नियम आहे; त्याचा फायदा न घेणं हा मूर्खपणा होईल. मात्र दुरुस्तीत बरोबर उत्तर नुसतं उतरवायचं नाही, आधी का चुकलं ते लिहायचं आहे. मंगळवार-गुरुवारी शाळा सुटल्यावर मॅडम बसतात. समतोलाचं युनिट येण्याआधीच एकदा जाऊन ये, म्हणजे खरी गरज लागेल तेव्हा दारात पाय अडखळणार नाहीत. तू अडलीस की गप्प बसतेस, खोलीचं दार लावतेस. आईला ते कळतं, मला कळत नाही.

आईचं म्हणणं असं की एपी तीन पुरेत, चौथा कशाला. मंडळात कोणाच्या मुलीने किती एपी घेतले याची यादी तिच्यापर्यंत पोचली आहे आणि ती यादी तिला अजिबात आवडलेली नाही. मी तिच्या बाजूने आहे. इतिहासाचा सोडायचा असेल तर बदल करायची मुदत संपण्याआधी सांग. आणि क्रेडिटसाठी म्हणून केमिस्ट्री घेत असशील तर हेही ध्यानात ठेव की एपी परीक्षेच्या पाचपैकी गुणांत काही कॉलेजं चारला क्रेडिट देतात, काही फक्त पाचला, आणि पुढे मेडिकलचं मनात आलं तर काही मेडिकल स्कूल्स एपीचं क्रेडिट धरतच नाहीत. वर्ग आवडतो म्हणून घेतला असशील तर मग प्रश्नच नाही.

परीक्षेची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते. फी मी भरतो, पण नाव तू नोंदव. काळं बॉलपेन दोन आणली आहेत, जेल पेन नको, पाणी पडलं की शाई पसरते. शनिवारी दुपारी माझ्यासमोर नायट्रेट, नायट्राइट, सल्फेट, सल्फाइट लिहून दाखव, मग सिनेमाला जा.

तुझा,
बाबा