जो लुईसवर अन्यायच झाला

महोदय,

कर थकलेल्या श्रीमंत बॉक्सरांना सरसकट करबुडवे ठरवणे मला पटत नाही. अमेरिकी बॉक्सर जो लुईसचेच पाहा. १९४२ मध्ये त्याने दोन लढतींची कमाई अमेरिकी नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली. तरी तिच्यावरचा कर त्याच्याच माथी आला. व्याज चढत गेले. निवृत्त झालेला हा जगज्जेता १९५० मध्ये देणे फेडायला पुन्हा रिंगणात उतरला आणि पुढच्याच वर्षी रॉकी मार्सियानोच्या ठोशाने दोरांबाहेर कोसळला. नंतर तर कुस्तीही खेळावी लागली! माइक टायसनची २००३ मधली दिवाळखोरी वेगळी, तिथे उधळपट्टी होती. पण अमेरिकेतला बॉक्सर स्वतंत्र व्यावसायिक मानला जातो, पगारासारखा कर आधी कापला जात नाही. निदान ही कपात आयोजकांवर बंधनकारक करावी.

– एक बॉक्सिंगप्रेमी वाचक