केंद्रशासित शहर कुणाचं असतं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा मंडळींत एक विषय सारखा निघतो. कुठे खड्डा दिसला, पदपथ अडलेला दिसला की कुणीतरी म्हणतंच, "पुरे झाल्या या नगरसेवक-आमदारांच्या भानगडी. मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं केंद्रशासित करून टाका. चंदीगडसारखं लखलखीत होईल." बोलणारी माणसं शिकलेली, बँकेत-रेल्वेत आयुष्य काढलेली, मनाने चांगली. पण ऐकून माझा जीव कासावीस होतो. नुसतं तिथे वाद घालून भागेना, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी दिल्लीत द्वारकेला राहते. तिच्या बाळंतपणासाठी २०२३ साली मी एप्रिल ते ऑगस्ट तिकडे होते. त्या जुलैत यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली, आजवरची सर्वांत जास्त. द्वारका नदीपासून लांब, तिथे पूर नव्हता. पण इमारतीच्या फाटकासमोर गटार तुंबून घोटाभर काळं पाणी दोन दिवस साचलं होतं. घरात वीस दिवसांचं बाळ. जावई तक्रार घेऊन एका कार्यालयात गेला, तर त्यांनी विचारलं, रस्ता किती फुटी? तिथे साठ फूट आणि त्याहून रुंद रस्ते एका यंत्रणेकडे असतात, अरुंद रस्ते दुसरीकडे. शेजारचे सरदारजी घरातून मोजपट्टी घेऊन आले आणि दोघांनी त्या पाण्यात उभं राहून रस्ता मोजला. मापाचा कागद घेऊन जावई दुसऱ्या कार्यालयात गेला, तिथे उत्तर मिळालं की रस्ता आमचा असेल, पण गटार आमच्या ताब्यात अजून आलेलं नाही. पाणी शेवटी आपोआप ओसरलं. त्या मोजपट्टीवर चिकटलेला चिखल मला अजून दिसतो.

हे काही एका कारकुनाच्या आळसामुळे घडत नाही. मुळात घडीच तशी बसवलेली आहे. दिल्लीत लोक आमदार निवडतात, ७० निवडतात, मुख्यमंत्रीही असतो. पण १९९१च्या ६९व्या घटनादुरुस्तीने पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे तीन विषय विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेवले. पोलीस केंद्रीय गृहखात्याचे. जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाची, आणि त्याचे अध्यक्ष केंद्राने नेमलेले नायब राज्यपाल. ल्युटेन्सच्या, म्हणजे संसद-मंत्रालयांच्या भागात नवी दिल्ली नगरपालिका परिषद, तिथला अध्यक्ष केंद्र नेमतं. उरलेल्या बहुतेक शहरासाठी महापालिका, तीही २०१२ साली तीन तुकडे केलेली आणि २०२२ साली पुन्हा एक केलेली. हे जोडकाम संसदेच्या कायद्याने झालं आणि त्यात नगरसेवकांच्या जागा २७२ वरून २५० वर आल्या.

मी तिथे असतानाच आणखी एक गोष्ट घडली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की ते तीन विषय सोडले तर अधिकाऱ्यांवर अधिकार निवडून आलेल्या सरकारचा. आठच दिवसांनी, १९ मेला, केंद्राने वटहुकूम काढला, आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याने बदल्या-नियुक्त्यांसाठी तिघांचं प्राधिकरण नेमलं: मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि गृहखात्याचे प्रधान सचिव. निर्णय बहुमताने. म्हणजे दोन अधिकारी एकत्र आले की निवडून आलेला मुख्यमंत्री अल्पमतात, आणि मतभेद झालाच तर अखेरचा शब्द नायब राज्यपालांचा. माझ्या सकाळच्या सोबत्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. कुठल्याही पक्षाची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही. दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा द्या, अशी मागणी भाजप, काँग्रेस आणि आप या तिघांनीही वेळोवेळी केलेली आहे.

शिवाय जे मिळालं आहे तेही काढून घेता येतं. दिल्लीला १९५२ साली विधानसभा होती, चौधरी ब्रह्मप्रकाश मुख्यमंत्री होते. १९५६ साली दिल्ली केंद्रशासित झाली आणि ती विधानसभा गेली. पुढची मिळायला १९९३ उजाडलं. एक अख्खी पिढी म्हातारी झाली. चंदीगडचा दाखला देणाऱ्यांनी हेही पाहावं की तिथे विधानसभाच नाही, १९८४पासून पंजाबचे राज्यपालच प्रशासक असतात, आणि महापौराची मुदत फक्त एक वर्षाची. जानेवारी २०२४च्या महापौर निवडणुकीत खुद्द निवडणूक अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडून निकाल फिरवावा लागला. शहराचे रस्ते सरळ आहेत ते १९५०च्या दशकातल्या आराखड्यामुळे.

आणि आपण हे महाराष्ट्रात बोलतो याचं मला जास्त वाईट वाटतं. जानेवारी १९५६मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असं जाहीर केलं होतं. त्याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. शंभराहून जास्त माणसं गोळीबारात गेली. माझे वडील तेव्हा लालबागला गिरणीत होते. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराच्या दिवशी ते पायी घरी आले, एक चप्पल कुठेतरी राहिली होती. उरलेली चप्पल आईने कितीतरी वर्षं टाकू दिली नाही. आज आपण तीच गोष्ट खड्ड्यांना कंटाळून स्वतःच्या तोंडाने मागायची?

लोकप्रतिनिधी नसलेलं शहर कसं असतं हे नवी मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. आपल्या महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली. कोरोनामुळे निवडणूक लांबली हे समजण्यासारखं होतं, पण त्यानंतर प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात वर्षांमागून वर्षं गेली. मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. साडेपाच वर्षं आयुक्तच प्रशासक, तेच प्रस्ताव मांडणार आणि तेच मंजूर करणार. घटनेच्या २४३-यू कलमात पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं स्वच्छ लिहिलेलं आहे. या काळात अधिकाऱ्यांनी कामं केली नाहीत असं मी म्हणणार नाही, स्वच्छतेत शहराचं नाव झालं. पण अंदाजपत्रकावर सभागृहात एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण विचारणारंच कुणी नव्हतं.

जमिनीचंही तसंच. दिल्लीकरांना त्यांचं प्राधिकरण आहे, आपल्याला १९७०पासून सिडको, म्हणजे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आहे. ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. आपली बाजू कुणीतरी ऐकावी म्हणून प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, आणि जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जण गोळीला बळी पडले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. इथल्या आगरी-कोळी घरांत अजून ते दिवस सांगितले जातात. ज्यांच्या हाती जमीन आहे त्यांना मतदाराकडे जावं लागत नसलं की काय होतं, याचा धडा आपल्या दारातच आहे.

नगरसेवकांवरचा लोकांचा राग खोटा नाही. टक्केवारी, पक्षबदल, फलकबाजी सगळं मी पाहिलं आहे. पण हेही पाहिलं आहे की एका पावसाळ्यात रात्री साडेअकराला सोसायटीत पाणी शिरायला लागलं, तेव्हा आम्ही चार बायका छत्र्या घेऊन नगरसेवकाच्या दाराशी गेलो. तो माणूस बनियनवर बाहेर आला, तोंडात अर्धा घास. चिडला होता, पण आला. पुढच्या वर्षी निवडणूक होती म्हणून आला असेल. असू दे. नायब राज्यपालांच्या दाराशी छत्री घेऊन कोण जाणार, आणि गेलं तरी त्यांना मत कुठे मागायचं असतं?

आता आपल्याकडे पुन्हा १११ नगरसेवक आहेत. या वेळी प्रथमच एका प्रभागात चार-चार (एका ठिकाणी तीन), त्यामुळे कुणाला धरायचं हा गोंधळ आहे. चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतील अशी मला भीती वाटते. आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की दर महासभेनंतर कोण हजर होतं, कुणी कोणता प्रश्न विचारला आणि प्रशासनाने काय उत्तर दिलं, एवढं प्रभागवार छापावं. अर्धा रकाना पुरेल. नेरूळपुरतं कात्रण काढून सोसायटीच्या फलकावर लावायचं काम मी करीन.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक
नेरूळ, नवी मुंबई