मारी की ल्युचिया?

प्रिय नंदे,

तब्येत ठीक. बीपी गोळीवर, गुडघे रामभरोसे. आता मुद्द्याचं.

चिऊच्या कॉलेजात वर्षअखेरीला त्या इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या दोन ऑपेरांमधले प्रवेश करायचेत. पोरीनं तयारी केली ल्युचियाची, म्हणजे शोकांतिकेतल्या वेड्या होणाऱ्या नायिकेची, हाती आली विनोदी ऑपेरातली मारी! तीच ती, पलटणीनं वाढवलेली द्वाड पोर. फोनवर हुंदके. "आई, मला सगळे विनोदीच समजतात." हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार? ह्यांनी तर "हसवायचंच होतं तर एवढी फी कशाला भरली?" म्हणून पेपर उघडला.

आपल्या गॅदरिंगच्या नाटकात राणी मी, दासी तू. सभागृह तुझ्यावर लोटपोट, बक्षीस मला. तू अजून ते उकरतेस. उकर. पण माझा मुकुट नाकावर आला होता, त्यामुळे त्यातला निम्मा हशा माझा, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

तर, तू दिलेली ती डीव्हीडी पुन्हा लावली. लंडनचं कोव्हेंट गार्डन ऑपेरागृह, 2007, मारी झालेली फ्रेंच गायिका नाताली दसे. अंगात बनियन, खांद्यावर पट्टे, समोर सैनिकांच्या चड्ड्यांचा डोंगर. बाई इस्त्री फिरवतेय आणि गळ्यातून ताना सुटताहेत, एकही सूर हलत नाही! आणि हा ऑपेरा गाजतो कशासाठी, तर त्या टेनरच्या, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या नायकाच्या, नऊ वरच्या 'सी' सुरांसाठी. न्यूयॉर्कच्या मेट ऑपेरागृहात 2008 साली टेनर फ्लोरेसला त्या गाण्याला वन्स मोअर मिळाला, त्याचीच बातमी झाली. घाम हिचा, टाळ्या त्याला. असो, पुरुषांचं काय सांगावं.

पण दसेला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं हो. 2008 चं लंडनच्या रंगभूमीचं ऑलिव्हिए पारितोषिक तिला याच मारीसाठी मिळालं. आणि मेटचा 2007 चा मोसम तिच्याच ल्युचियानं सुरू झाला होता. तेच रक्तबंबाळ वेड गाणारी बाई पुढच्या एप्रिलमध्ये तिथंच इस्त्री घेऊन उभी! हे सगळं मी चिऊला ऐकवलं. ती म्हणाली, "आई, ती दसे आहे."

तिथंच माझी बोलती बंद झाली. दसे इस्त्री धरायच्या आधीच दसे होती. हिच्यावर लोक एकदा पोट धरून हसले की पुढं हिला रडायला कोण देणार? तुला कुणी दिलं? तुझ्याइतकं रडता येणारं आपल्यात कुणी नव्हतं, हे मला तालमीत दिसायचं. सुमतीबाईंना नाही दिसलं.

म्हणून तूच तिच्याशी बोल. गोड बोलू नकोस, खरं सांग. दासीचा राग किती वर्षं टिकला, आणि तो हशा अजून कानात आहे का, तेही. रविवारी रात्री आपल्या नऊनंतर ती मोकळी असते.

सूनबाईंची बदली झाली का? मोतीबिंदूचं उरकून घे, उगाच टाळू नकोस. यंदा लोणचं घातलं नाही, कैऱ्यांचे भाव हात लावू देत नव्हते.

तुझी,
सुधा