नाग नदीला भिंतींआधी जागा द्या

मा. संपादक,

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अवघ्या 4 तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, नाग नदीवरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. तेव्हापासून उपायांची चर्चा मुख्यतः नदीच्या संरक्षक भिंतींभोवती आणि तलावाच्या सांडव्याभोवती फिरते आहे. जिथे घरे थेट पात्राला भिडली आहेत, तिथे भिंत हवीच. पण भिंतीने पाणी कमी होत नाही. ते अधिक वेगाने खालच्या वस्त्यांकडे, म्हणजे पूर्व नागपूरकडे जाते.

पाण्याचा जोर मोडायचा तर तो वर, लाव्हा-वाडीकडच्या पाणलोट क्षेत्रातच मोडला पाहिजे. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4 लाख लिटर पाणी. गवताळ पडीक जमीन आणि नाल्याकाठची करंज-जांभळाची झाडी त्यातले काही मुरवते, उरलेले सावकाश सोडते. त्याच जमिनीवर घरांसाठी प्लॉट पाडून लेआउट पडले की सारे पाणी एकदम तलावावर येते. आपली काळी माती भिजून फुगली की पाणी फारसे मुरू देत नाही, म्हणून नुसत्या वृक्षारोपणाने भागणार नाही. पाणी काही तास थोपवून धरणाऱ्या पाणथळ सखल जागा आणि मोकळे नाले राखावे लागतील. झाडे कुठे नकोत, हेही सांगितले पाहिजे: मोठ्या झाडांची मुळे अंबाझरीच्या मातीच्या बांधाला धोकादायक ठरू शकतात.

शहरात तर आपण उलटेच केले आहे. अनेक ठिकाणी सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्याहून उंच झाले आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत गट्टू (फरसबंदीचे सिमेंट ठोकळे) बसवले गेले. याउलट एक एकराचे मैदान रस्त्यापेक्षा फूटभर खोल ठेवले, तर त्यात सुमारे 12 लाख लिटर पाणी तात्पुरते थांबू शकते, आणि उरलेले वर्षभर तिथे मुले खेळू शकतात.

25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा महापालिकेने नाग नदीच्या काठावर प्रत्यक्ष खांब रोवून दाखवावी, निळ्या रेषेच्या आत एकही नवी परवानगी देऊ नये आणि अंबाझरीच्या वरच्या बाजूस उरलेली मोकळी जमीन विकास आराखड्यात पुरासाठी राखीव ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर