स्लॉट सर, मध्यंतरानंतर 38 नंबर परत मैदानात आला, त्याबद्दल

आदरणीय आर्ने स्लॉट सर,

काल रात्री अकराच्या सुमारास अ‍ॅनफिल्डवर शेवटची शिट्टी वाजली. टॉटनहॅमवर 5-1, तुमच्या लिव्हरपूलचं इंग्लंडच्या लीगमधलं 20 वं विजेतेपद. त्या वेळी इकडे कोल्हापुरात मी टीव्हीसमोर बसून रडत होतो. बायको आतून उठून आली, काय झालं म्हणून विचारलं, तर मला धड सांगताही येईना. लिव्हरपूल जिंकलं याचा आनंद होताच. पण रडू आलं ते तुमच्या मधल्या फळीतल्या 38 नंबरला, रायन ग्राव्हनबर्खला बघून. म्हणून आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो. ते तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, पण आभार मनात ठेवून मला राहवेना.

या पोराला मी 2018 पासून बघतोय. हॉलंडच्या अयाक्स क्लबनं त्याला पीएसव्हीविरुद्ध लीगमध्ये पहिल्यांदा उतरवलं तेव्हा तो 16 वर्षं 130 दिवसांचा होता. अयाक्सकडून लीगमध्ये सर्वांत लहान वयात खेळण्याचा सीडॉर्फचा विक्रम मोडला त्यानं. अयाक्स तो सामना 3-0 हरली, पण एवढ्या उंच पोराच्या पायात एवढी नजाकत मी तोवर पाहिली नव्हती. मग 2022 च्या उन्हाळ्यात त्याला जर्मनीच्या बायर्न म्युनिकनं नेलं. वाजतगाजत घरात आणलं आणि ओसरीवर बसवून ठेवलं! त्या मोसमात लीगचे 24 सामने त्याच्या नावावर आहेत, त्यातले पहिल्या अकरात फक्त 3. वीस वर्षांच्या पोराला दहा-पंधरा मिनिटं देऊन काय दिसणार होतं त्यांना? मोसम संपला तेव्हा गळ्यात बुंडेसलिगाचं, म्हणजे जर्मन लीगचं पदक होतं, पण खेळल्याचं समाधान कुठून आणायचं?

मला हे टोचतं त्याला कारण आहे. एकोणीस वर्षांचा असताना मीही तालमीच्या फुटबॉल संघातून उठून मोठ्या शहरातल्या एका संघात गेलो होतो. तिथे फळ्यावर यादी लागायची. सहा महिने रोज ती यादी वाचली. नाव का नाही, हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण आमचे कोच माझ्या शेजारून जाताना माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. शेवटी मी ट्रंक उचलून घरी आलो.

रायनला म्युनिकमधून बाहेर काढून लिव्हरपूलला आणलं ते तुमच्या आधीचे कोच क्लोप सरांनी, सप्टेंबर 2023 मध्ये. त्यांचे उपकार आहेतच. पण पहिलं वर्ष कधी आत, कधी बाहेर असंच गेलं. नव्या क्लबात रुळायचंय म्हणून त्यानं हॉलंडच्या 21 वर्षांखालील संघात जायला नकार दिला, तर त्यावरूनही बोल लागला. आणि 2024 च्या युरो स्पर्धेत हॉलंड उपांत्य फेरीपर्यंत गेलं, हा पूर्ण स्पर्धाभर बाकावर. एक मिनिटसुद्धा खेळायला मिळालं नाही. तेव्हा मला वाटलं, संपलं. असं बसून बसून पोराचा पाय जड होतो. मी माझा झालेला बघितलाय.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही लिव्हरपूलला आलात. बचावफळीच्या पुढे खेळायला तुमच्या क्लबाला सुबिमेंदी हा बाहेरचा खेळाडू हवा होता, तो नाही म्हणाला. खेळाडूंच्या खरेदीचा बाजार बंद व्हायला अजून बरेच दिवस होते, दुसरा कुणी शोधता आला असता. तुम्ही घरातल्याच पोराकडे बघितलंत.

17 ऑगस्ट, इप्सविचविरुद्धचा सामना. आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. पावसानं मैदानावर चिखल, म्हणून मी शिकवतो त्या पोरांना घरी बोलावून सामना लावला होता. पहिला अर्धा 0-0, खेळ विस्कळीत. मध्यंतराला तुम्ही क्वान्साला काढून कोनातेला आणलंत. (क्वान्साही एकवीस वर्षांचाच, त्याचंही वाईट वाटलं.) पण माझे डोळे लागले होते 38 नंबरकडे. मी पोरांना म्हटलं, आता यालाही काढतील. इतकी वर्षं बघून मला तीच सवय झाली होती.

तो परत आला, सर. बाकीच्यांबरोबर चालत येऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

जोटानं आणि सलाहनं गोल केले, 2-0 जिंकलात, ते सगळ्यांच्या लक्षात असेल. माझ्या लक्षात तेवढंच राहिलं. नवा कोच, पहिलाच सामना, गोल होत नाहीये, आणि कोच म्हणतोय की तू खेळ. पुढे दोन आठवड्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांच्या कासेमिरोचा पास त्यानं मधेच कापला आणि पहिल्या गोलची सुरुवात तिथून झाली. मग हिवाळाभर त्याचं ते वळणं बघत राहिलो. पाठीवर माणूस असताना चेंडू अंगावर न थांबवता पुढे सरकू द्यायचा, खांदा फिरवायचा, आणि मागचा माणूस मागेच राहतो. हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवतोय. पण चुकलं तर काढून टाकतील ही भीती असेल तर कुणीच तसं वळत नाही. भ्यालेला मधल्या फळीतला खेळाडू आला चेंडू की मागे देऊन मोकळा होतो. रायन वळत राहिला, कारण पुढच्या आठवड्यातही आपण आहोत हे त्याला ठाऊक होतं.

आणि तो अयाक्सचा, तुम्ही त्यांच्या हाडवैरी फेयेनूर्दचे. आमच्याकडे शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेची ईर्षा ज्यानं बघितलीय, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

काल सामना संपल्यावर तुमच्या हातात माईक आला. माणूस अशा वेळी स्वतःबद्दल बोलतो. तुम्ही क्लोप सरांच्या नावाचं गाणं म्हणालात. वर्षापूर्वी निरोपाच्या दिवशी त्यांनी तुमच्या नावानं गाणं म्हटलं होतं, त्याची ती परतफेड. आपल्या आधीच्या माणसाचं श्रेय असं भर मैदानात त्याच्या पदरात टाकणारी माणसं मी खेळात फार कमी पाहिली. शाळेत नाहीत, क्लबात नाहीत, संघटनांमध्ये तर नाहीतच. तुम्हा दोघांकडे बघून वाटतं, जिंकायला कठोरच असावं लागतं हे मला कुणी शिकवलं आणि मी ते इतकी वर्षं खरं का मानलं?

एक सांगायचं राहिलं. माझ्याकडे सतरा वर्षांचं एक पोरगं आहे. बाहेरच्या एका अकादमीतून डिसेंबरात परत आलं, तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हतं. प्रॅक्टिसला यायचं, खाली मान घालून पळायचं, जायचं. गेल्या महिन्यात एका सामन्यात पहिल्या अर्ध्यात त्याचे पासवर पास चुकले. मध्यंतराला त्याला बसवायचं मी ठरवलं होतं, बदली खेळाडूला बूट बांधायलाही सांगितलं होतं. मग मला इप्सविच आठवलं. नाही काढलं त्याला.

दुसऱ्या अर्ध्यात तो काही फार चांगला खेळला असं नाही. पण सामना संपल्यावर पिशवीत बूट भरता भरता त्यानं मला विचारलं, "सर, उद्या प्रॅक्टिस किती वाजता?"

डिसेंबरपासून त्यानं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्याबद्दल तुमचे आभार.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉल प्रशिक्षक
28 एप्रिल 2025