काकांच्या मॅकमध्ये पोटभाडेकरू

गिरगाव, मुंबई
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले, शिव्या घाल, चालतील. "जुना आयबुक लॅपटॉप पडलाय, मॅकची सिस्टिम ठेवून शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकता येईल का" एवढं एका ओळीत विचारून तू मोकळा झालास, पण ह्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाहीये. मी नुकताच ह्यातून हात पोळून बाहेर आलोय. बाहेर पाऊस मी म्हणतोय, हिने कांदाभजी केलीत, म्हणजे पत्र लांबणार हे धरून चाल.

काकांचा गाळा आठवतो ना, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांचे अहवाल? तिथे कटिंग मशीनच्या मागे एक पांढरा डबा असायचा, साडेसहा इंच चौरस आणि दोन इंच उंच, आपण त्याला पेढ्यांचा डबा म्हणायचो. तो मॅक मिनी, ॲपलचा छोटा संगणक. काकांनी २००५ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने जाहीर केलं की आता प्रोसेसरसाठी आम्ही इंटेलकडे चाललो. काका अजून म्हणतात, मी काही घेतलं की कंपनी गाव बदलते. आत जी-फोर, म्हणजे पॉवरपीसी प्रोसेसर, सव्वा गिगाहर्ट्झ. तुझा आयबुक पण जी-फोरच असेल तर एकाच घराण्यातले दोघं, म्हणून मी जे लिहितोय ते बहुतेक सगळं तुला चालेल.

आता मुद्दा असा की काकांच्या ओळखीतल्या एका मंडळाचा अमृत महोत्सव आलाय, आणि त्यांना जुन्या स्मरणिकांमधला मजकूर हवाय. तो सगळा क्वार्कएक्सप्रेस ह्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फायलींमध्ये, तोही जुन्या मराठी फॉन्टात, जिथे फॉन्ट नसला की "श्री गणेशाय नमः" च्या जागी डॉलर, कंस आणि टोपीवाली इंग्रजी अक्षरं दिसतात. काकांचं क्वार्क इतकं जुनं की ते मॅक ओएस नाइनचं आहे आणि टायगरच्या आत क्लासिक नावाच्या कप्प्यात चालतं. टायगर म्हणजे मॅक ओएस एक्सची १०.४ आवृत्ती. पुढच्या लेपर्डमध्ये क्लासिक काढूनच टाकलं, त्यामुळे टायगर हलवायचा नाही ही काकांची पहिली आणि शेवटची अट. आणि टायगरवरून आजच्या नेटवर जाशील तर निम्म्या साइट उघडतच नाहीत, https ची कुलपं बदलली आणि ह्याच्याकडे किल्ल्या जुन्याच. म्हणजे मजकूर आत अडकलेला. पेन ड्राइव्हने काढता आला असता की, असं तू म्हणशील, मला माहितीये. आला असता. पण डबा वर्षभर धूळ खात होता, तो नुसता एक दिवस वापरून परत ठेवायचा माझ्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर हौस रे, दुसरं काय.

तर पहिली गोष्ट, आणि हे तू गाळलंस तर पुढचं वाचूच नकोस: टायगर चालू ठेवून त्याच डिस्कवर जागा करता येत नाही. त्याच्या डिस्क युटिलिटीत नवीन भाग पाडायचे तर सगळी डिस्क पुसावी लागते. म्हणून मी एक फायरवायरची, म्हणजे मॅकच्या जुन्या वेगवान केबलने जोडायची, बाहेरची डिस्क मागून आणली, तिच्यावर कार्बन कॉपी क्लोनरने टायगरची हुबेहूब प्रत काढली, मग ऑप्शनचं बटण दाबून ठेवून मशीन त्या बाहेरच्या डिस्कवरून सुरू केलं. पॉवरपीसी मॅक फायरवायरवरून मस्त उठतात, यूएसबीच्या नादी लागू नकोस, फार रडवतं. उठल्यावर काकांना बसवलं आणि १९९८ चा अहवाल उघडायला लावला. क्लासिक वर आलं, क्वार्क उघडलं, मुखपृष्ठावरचा गणपती दिसला, काकांनी नुसती मान हलवली. त्यानंतरच आतली डिस्क पुसली.

चाळीस जीबीची डिस्क, प्रत्यक्षात सदतीस हातात येतात. अठरा टायगरला, चार मधल्या एका भागाला, तो कशाला ते पुढे सांगतो, आणि पंधरा मोकळी सोडली, फ्री स्पेस म्हणून. मग प्रत परत आत ओतली.

लिनक्स कुठलं, हा प्रश्न सोपा झालाय कारण पर्यायच उरले नाहीत. डेबियन ह्या लिनक्सने बत्तीस बिट पॉवरपीसी अधिकृतपणे आठव्या आवृत्तीनंतर सोडलं, आता पोर्ट्स विभागात हौशी लोक चालवतात. उबुंटूवाल्यांची ह्या चिपसाठीची शेवटची दीर्घ मुदतीची आवृत्ती १६.०४. मी लुबुंटू १६.०४ घेतलं, ते उबुंटूचंच हलकं रूप, एक जीबी रॅममध्ये निभावतं. ह्या मिनीत रॅमची खाच एकच आणि एक जीबीच्या वर जात नाही, ती काडी लॅमिंग्टन रोडला एका काउंटरखालच्या खोक्यात मिळाली. सुरक्षेचे अपडेट कधीच बंद झालेत हे लक्षात ठेव, बँकेचं वगैरे काही करू नकोस त्यावर. आणि नेटवरून काही उतरवताना amd64 लिहिलेलं घेऊ नकोस, ते इंटेल-एएमडीवाल्यांसाठी असतं, इथे त्याचा उपयोग शून्य.

मिनीला नवीन रॅम घालायची तर उघडायचा कसा? स्क्रू एकही दिसत नाही! रंगाऱ्याची पुट्टी मारायची पट्टी लागते. मी बाजूच्या हार्डवेअरवाल्याकडून आणली, कानशीने धार काढून पातळ केली, डबा उलटा ठेवला आणि कडेच्या फटीत घालून हळूच आत कलती केली. कट्ट असा आवाज आला. काका कॅश काउंटरवरून ओरडले, "मोडलास?" नव्हता मोडला, आतली खुंटी सुटल्याचा आवाज तो. उघडलाच आहे तर घड्याळाचा सेल पण बदलला, दोन हजार बत्तीस नंबरचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो मेला की दर वेळी मशीन १९७० सालात जागं होतं, आणि लिनक्समध्ये मग एकही सुरक्षित साइट उघडत नाही, कारण प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची असतात. तुझ्या आयबुकला हे उघडाउघडीचं करूच नकोस, त्याची हार्ड डिस्क काढायची म्हणजे अख्खा संसार मांडावा लागतो.

डीव्हीडी घालून सी दाबून धरलं की इन्स्टॉलर उठतो. माझी पहिली डीव्हीडी खराब भाजली गेली आणि आतच अडकली, ह्या डब्याला बाहेर काढायचं बटण नाही, तर सुरू होताना माउसचं बटण दाबून धर, थुंकतो बाहेर. दुसरीने उठला, पेंग्विन दिसला आणि मग स्क्रीन काळी ठार. अर्धा तास मी मॉनिटरची वायरच हलवत बसलो. दोष रेडिऑन ह्या ग्राफिक्स कार्डाचा, जुन्या एजीपी जोडणीवर नवा ड्रायव्हर गोठतो. सुरुवातीला बूटचा प्रॉम्प्ट येतो तिथे "रेडिऑन डॉट एजीपीमोड बरोबर वजा एक" असं लिहायचं, म्हणजे कार्डाला साध्या पीसीआय जोडणीसारखं वागवतो. थोडं मंद, पण दिसतं तरी.

इन्स्टॉलर विचारेल तेव्हा पहिलाच पर्याय सगळी डिस्क वापरण्याचा असतो, त्याच्याकडे बघू पण नकोस, सगळ्यात खालचा "समथिंग एल्स" घे. तिथे भागांचे आकडे बघून गोंधळशील. ह्या मॅकांत पीसीसारखा एमबीआर, म्हणजे डिस्कच्या भागांचा नकाशा, नसतो, ॲपलचा स्वतःचा नकाशा असतो आणि पहिला भाग म्हणजे तो नकाशाच. मोकळ्या जागेत एक एमबीचा न्यूवर्ल्ड बूट नावाचा तुकडा पाड, बाकी मुख्य भाग आणि एक जीबी स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा. तो एक एमबी म्हणजे जिन्याखालची वॉचमनची खोली, तिथे याबूट नावाचा मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम बसतो आणि आलेल्याला विचारतो कुठे जायचंय.

आणि इथे माझी फजिती झाली. वॉचमनने एल विचारलं, लिनक्ससाठी, पण एक्स म्हणजे मॅकचा पर्यायच नाही. काका मागे उभे. "माझं क्वार्क कुठाय?" घशाला कोरड पडली. खरं तर टायगर जिथल्या तिथे होता, ऑप्शन दाबून धरलं की दिसत होता, पण घाबरल्यावर ते सुचतं कुठे. याबूटच्या कॉन्फ फायलीत मॅकओएसएक्स म्हणून एक ओळ टाकायची, टायगर कुठल्या भागात आहे ते सांगणारी. ती टाकली, रीस्टार्ट केलं, तरी एक्स नाही. पुन्हा तपासली, पुन्हा रीस्टार्ट, तीनदा. रात्री पावणेबाराला उजेड पडला की फाइल नुसती बदलून वॉचमनला कळत नाही, वायबिन नावाची कमांड चालवून नवी चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी लागते. ती चालवली आणि एक्स आला. तू हे विसरणारच, म्हणून पाटीवर लिहून ठेव: आधी फाइल, मग वायबिन.

आता तो मधला चार जीबीचा भाग. टायगर आपली डिस्क जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवून लिहितो, आणि असा भाग लिनक्स फक्त वाचतो, त्यात लिहीत नाही. म्हणून मधला भाग मॅकच्याच पद्धतीने पण जर्नल न ठेवता बनवला, त्यात दोघांनाही लिहिता येतं. आपल्या चाळीतली गॅलरी समज. खोल्या वेगळ्या, पण पापड दोघांचे तिथेच वाळत. काका क्लासिकमध्ये क्वार्कमधून मजकूर सेव्ह करून गॅलरीत ठेवतात, मी एल दाबून लिनक्समध्ये येतो आणि उचलतो.

उचलल्यावर पहिलं काय दिसलं तर अख्खा अहवाल एकाच ओळीत! जुना मॅक ओळ संपल्याची खूण वेगळी ठेवतो, ती बदलली. मग अक्षरं मॅकरोमन ह्या जुन्या संकेतातून यूटीएफ-आठ ह्या आजच्या संकेतात, आणि मग एका छोट्या पायथन स्क्रिप्टने फॉन्टाचा एकेक आकार युनिकोड ह्या आजच्या प्रमाण अक्षरसंचाला जोडला. ह्यात खरी मजा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडला ती नंतर लागते, आणि "स्थिती" सारखं जोडाक्षर आलं की ती अख्ख्या स्थच्या पलीकडे न्यायची. रफाराचं बरोब्बर उलटं, फॉन्टात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी आणायचा. माझ्या पहिल्या फेरीत रफार राहिला आणि पानभर "वगर्णी" छापून आली. काकांनी चष्मा वर केला, "वगर्णी कसली रे, हे वाचलं तर मंडळ मला हाकलेल." वगर्णीची वर्गणी व्हायला दोन रात्री गेल्या. १९९८ चा पूर्ण झालाय, अजून सहा वर्षांचे बाकी आहेत.

तुझ्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या. आयबुकात एअरपोर्ट एक्स्ट्रीम हे वायफायचं कार्ड असेल तर ते ब्रॉडकॉमचं, त्याचं फर्मवेअर लिनक्सबरोबर येत नाही, नंतर नेटवरून टाकावं लागतं, म्हणून सुरुवातीला लॅनची वायर जवळ ठेव. आणि तुला क्लासिक नकोच असेल, नुसते जुने फोटोच हवे असतील, तर एवढा खटाटोप कशाला, फोटो काढून घे आणि सगळी डिस्क लिनक्सला दे. आधी ते नक्की कर, वहिनींना विचारून.

दुसरी डीव्हीडी नीट भाजलेली आहे, तिची प्रत काढलीये. वहिनी गणपतीसाठी येतायत ना, त्यांच्याबरोबर पाठवतो, आणि कानस लावलेली पट्टी पण पाठवली असती पण काका तिने आता पत्रिकेची पाकिटं उघडतात.

तुझा,
संज्या